प्रबंधाचं गाडं नेमकं कुठे अडतं?

पीएच.डी.विषयी प्रश्न पाठवा म्हटलं, तर विषय कसा निवडावा असं फक्त दोघांनी विचारलं. बाकी सगळे लेखनापाशी अडलेले. म्हणून आज फक्त लेखनाबद्दल.

प्रश्न : मराठवाड्यातल्या ग्रामीण कथेवर काम करतोय. चार वर्षं वाचतोय. अकरा वह्या भरल्या, फोनमध्ये पुस्तकांच्या पानांचे दोन हजारांवर फोटो आहेत, पण प्रबंधाचं एकही पान लिहून झालेलं नाही. ‘अजून थोडं वाचून होऊ दे, मग एकदम लिहायला बसतो’ असं म्हणता म्हणता मुदत जवळ आली. सुरुवात कुठून करू? (तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, नांदेड)

‘एकदम लिहायला बसते’ हे वाक्य मीही तीन वर्षं म्हणत होते. फोन नव्हते, कार्डं होती. बिस्किटांच्या चार डब्यांत विषयवार लावलेली. एकदा माझ्या मार्गदर्शकांनी विचारलं, “तिसऱ्या प्रकरणात काय म्हणायचंय?” मी डबा उघडून कार्डं वाचायला लागले. पाच-सहा ऐकून घेतली आणि म्हणाले, “हे झालं त्यांचं. तुमचं काय?” माझ्याकडे काहीच नव्हतं. त्या रात्री रडतखडत चार पानं लिहिली. वाईटच होती. पण जवळजवळ निम्म्या कार्डांचा आपल्याला काही उपयोग नाही, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. वाचन संपल्यावर लिहायचं असतं हा आपला समज आहे. खरं तर लिहायला घेतल्याशिवाय काय वाचायचं राहिलंय तेच समजत नाही.

आता सुरुवातीचं. पहिलं प्रकरण पहिल्यांदा लिहू नका. मराठीच्या प्रबंधांत नमनालाच घडाभर तेल जातं. ‘साहित्य म्हणजे काय’, मग ‘कथा : संकल्पना आणि स्वरूप’, मग ‘ग्रामीण या शब्दाच्या व्याख्या’. दीडशे पानं होतात तरी नांदेड जिल्हा काही येत नाही. परीक्षक ही पानं चाळतात. मीही चाळली आहेत. तुम्हाला पाठ असलेली एक कथा घ्या आणि तिच्याबद्दल इतर कुणी न म्हटलेलं तुम्हाला काय दिसतं, ते दोन पानांत लिहा. उद्या दुसरी कथा. अशा दहा कथा झाल्या की प्रकरणाचा सांगाडा आपोआप दिसू लागतो.

आणि ते फोटो! आजच प्रत्येकाला पुस्तकाचं नाव, आवृत्तीचं साल आणि पानाचा आकडा द्या. शेवटच्या महिन्यात एका तळटीपेचा पृष्ठक्रमांक शोधायला छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या ग्रंथालयापर्यंत एसटीने धावलेली माणसं मला माहीत आहेत.

प्रश्न : माझा विषय एकोणिसाव्या शतकातली नियतकालिकं. ग्रंथालयाच्या वाङ्मयचौर्य तपासणीत इतरांच्या मजकुराशी साम्य ३१ टक्के आलं. वाक्यं फिरवून देणारं एक सॉफ्टवेअर मित्राने सुचवलं आहे. वापरू का? (संशोधक विद्यार्थिनी, ठाणे)

नको. आधी नियम पाहा. वाङ्मयचौर्याबाबतच्या यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या ठरवून दिलेल्या मुदतीत सुधारित प्रत द्यायची. ४० च्या पुढे सुधारित प्रत द्यायलाही वर्षभर बंदी आणि ६० च्या पुढे नोंदणीच रद्द. पण याच विनियमांनी काय मोजायचं नाही तेही सांगितलं आहे : श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, आणि सलग चौदा शब्दांपर्यंतची सर्वसामान्य वाक्यं.

तुमच्या विषयात अवतरणं भरपूर असणारच. म्हणून नुसता आकडा घेऊन परत येऊ नका, पूर्ण अहवाल मागा आणि ग्रंथपालांबरोबर बसून पानापानाने पाहा. जुन्या फॉन्टमध्ये टंकून मग युनिकोडमध्ये बदललेल्या मजकुरात अवतरणचिन्हं गळून पडतात आणि उद्धृत उतारा तुमचाच मजकूर म्हणून मोजला जातो. टंकलेखन डीटीपीवाल्याकडे दिलं असेल, तर हे आधी तपासा.

राहिलं ते सॉफ्टवेअर. १८३२ च्या ‘दर्पण’मधलं वाक्य फिरवलंत, तर ते बाळशास्त्री जांभेकरांचं राहणार नाही आणि तुमचंही होणार नाही. पुरावाच नासेल. इंग्रजी पुस्तकातले परिच्छेद मशीनकडून मराठीत आणून चिकटवणारेही आहेत. ते तपासणीत बहुधा सापडत नाहीत, पण मराठी वाचणाऱ्या परीक्षकाला तिसऱ्या ओळीत वास येतो.

प्रश्न : दोन प्रकरणं सरांच्या टेबलावर चार महिने पडून आहेत. विचारलं की ‘बघतो’ म्हणतात. (अमरावती)

सरांची बाजू घेतेय असं वाटेल, पण ऐका. प्राध्यापक असतील, तर एका वेळी आठ जणांपर्यंत विद्यार्थी त्यांच्याकडे असू शकतात. वर नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची कामं, पेपर तपासणी. दीडशे पानांचा गठ्ठा कुणीच हौसेने उघडत नाही. दहा पानं द्या. वर अर्ध्या पानाची चिठ्ठी जोडा : मी इथे काय मांडलंय आणि मला कोणत्या तीन ठिकाणी शंका आहे. भेटीचा वार ठरवून घ्या, आणि भेट झाली की काय ठरलं ते त्याच दिवशी ईमेलने कळवा.

एवढं करूनही हललं नाही, तर संशोधन सल्लागार समिती आहे. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत दर सत्रात तिच्यापुढे प्रगती मांडायची असते. तिथे तक्रारीचा सूर लावू नका. कोणत्या तारखेला काय सादर केलं, त्याची यादी फक्त ठेवा. मार्गदर्शक बदलणं अगदी शेवटी.

प्रश्न : शाळेत नोकरी, दोन वर्षांची मुलगी, पाचवं वर्ष चालू. मे महिन्याच्या सुटीत सगळं लिहून काढायचा बेत आहे. जमेल का? (शिक्षिका, कोल्हापूर)

मे महिन्यात लग्नं असतात, पाहुणे असतात, आंब्याच्या पेट्या असतात. त्या महिन्यावर मदार ठेवू नका.

मुदतीची धास्ती मात्र थोडी कमी करा. २०२२ च्या नियमावलीत प्रवेशापासून सहा वर्षं ही मूळ मर्यादा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात आणि महिला संशोधकांना त्यावर आणखी दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. तुमची नोंदणी आधीच्या नियमावलीखाली असेल, तर विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागात जाऊन तुम्हाला काय लागू आहे ते लेखी घ्या. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

कामाची वाटणी अशी करून पाहा : मुलगी जागी असताना सूची, तळटीपा, तक्ते, ती झोपली की युक्तिवाद. आणि आठवड्यातून एक अर्धा दिवस घराबाहेर, ग्रंथालयात. घरात बसून लिहिणारी बाई सगळ्यांना मोकळीच दिसते.

प्रश्न : बचत गटांतल्या महिलांचं सर्वेक्षण केलं. कर्ज मिळालं की घरातल्या निर्णयांत वाटा वाढतो, असं गृहीतक होतं. आकडे तसं म्हणत नाहीत. ‘थोडं जुळवून घे’ असा सल्ला मिळतोय. (पुणे)

जुळवून घेऊ नका, मांडा. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे पीएच.डी.चं संशोधन करत होत्या. युरोपीय गोऱ्यांच्या कवट्या इतरांपेक्षा जास्त असममित (डावी-उजवी बाजू सारखी नसलेल्या) असतात आणि त्यातून त्यांचं श्रेष्ठत्व दिसतं, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा असममिततेशी संबंध नाही, असं त्याच गुरूच्या हाताखाली लिहून दिलं. गुण सगळ्यात कमी मिळाले, पदवी मात्र मिळाली.

तुमच्या प्रबंधात आता खरा प्रश्न तयार झाला आहे : कर्ज बाईच्या नावावर असलं, तरी पैसा कुणाच्या हातात जातो? मुलाखतींच्या नोंदी पुन्हा वाचा, उत्तर तिथे असण्याची शक्यता आहे. शोधप्रबंधात ‘गृहीतक सिद्ध झाले नाही’ हे वाक्य चालतं, याची विद्यार्थ्यांपेक्षा काही मार्गदर्शकांनाच जास्त आठवण करून द्यावी लागते.

प्रश्न : बाहेरच्या परीक्षकांनी बारा सुधारणा सुचवून प्रबंध परत पाठवला. घरी सांगितलेलं नाही. बारावी सूचना तर मला साफ चुकीची वाटते. (मडगाव)

रुपयाच्या प्रश्नावरचा डॉ. आंबेडकरांचा प्रबंध लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला होता. ते १९२३ मध्ये मुंबईला परतले, इथे बसून पुन्हा लिहिला, पाठवला, आणि डी.एस्सी. ही डॉक्टरेट मिळवली. घरी हेच सांगा.

मग एक तक्ता करा : पहिल्या रकान्यात परीक्षकांची सूचना, दुसऱ्यात तुम्ही काय बदललं, तिसऱ्यात पानाचा आकडा. मौखिक परीक्षेलाही हाच कागद हातात ठेवा. बाराव्या सूचनेत त्यांचं चुकलं असेलही. तसं असेल, तर पुराव्यासह, सौम्य शब्दांत दुसऱ्या रकान्यात लिहा. पण आधी अकरा पूर्ण करा.