आकडा जुळत नाही? तोच शनिवारचा विषय
वाचक विचारतात : ऑफिस, हिशेब आणि रिपोर्ट

प्रश्न : मॅडम, नमस्कार. सांगली मार्केट यार्डाजवळच्या हळद-बेदाण्याच्या पेढीत मी कॉम्प्युटरचं काम बघतो. टॅलीतला आणि गोदामाच्या रजिस्टरमधला डेटा घेऊन आम्ही आता पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमध्ये रिपोर्ट करतो. मालकांनी सांगितलंय की दर शनिवारी चहानंतर पाऊण तास सगळ्यांना शिकवायचं. सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्यांनी विषयांची यादी दिलीय : डॅशबोर्डची मांडणी, स्लायसर (रिपोर्ट गाळून बघायचं बटण), नकाशे, बुकमार्क, डॅक्स (पॉवर बीआयची सूत्रांची भाषा), डेटाची सुरक्षा. पहिल्या शनिवारी सगळे आले. आता निम्मे लोक 'गाडी भरायचीय' म्हणून उठून जातात. विषय कसे निवडू?

उत्तर : गाडी भरायची असेल तर माणूस उठणारच, आणि त्याने उठायलाच हवं. त्याच्या मनात 'इथे बसलो तर माझं काय सुटेल' हा हिशेब चाललेला असतो. बुकमार्कचं बटण कुठे आहे हे कळून त्याचं काहीच सुटत नाही.

ती यादी तूर्त कपाटात ठेवा आणि आपला व्हॉट्सॲप उघडा. गेल्या दोन-तीन महिन्यांत तुम्हाला कोणी काय काय विचारलं ते एका वहीत उतरवा, त्यांच्याच शब्दांत. 'भाऊ, ही बाकी टॅलीत वेगळी दिसते.' 'दर चुकलाय बघ जरा.' 'मार्चपर्यंतचा एकत्र काढून दे ना.' तुमच्या भाषेत सुधारून लिहू नका. मग तीन गोष्टी तपासा. तोच प्रश्न एकापेक्षा जास्त टेबलांवरून आला का? तो आकडा चुकला तर पैसे जातात का? आणि पाऊण तासात तो सुटलेला दाखवता येईल का? तिन्हींना 'हो' असेल तो विषय आधी घ्या. काही प्रश्न यात बसणारच नाहीत. गोदामातली एन्ट्री दोन दिवस उशिरा होते म्हणून साठा जुळत नसेल, तर तो शिकवण्याचा विषय नाही. ते मालकांशी बोलून मिटवायचं काम आहे. अशा प्रश्नांवर शनिवार खर्च करू नका.

तुमच्या पेढीची वही मी पाहिलेली नाही, पण या धंद्यात काय निघतं ते माहीत आहे. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात माझी नोकरी झाली आणि आता सांगली-मिरज-कुपवाडच्या ऑफिसांमधून मी हेच शिकवते. माझी खात्री आहे की तुमच्या वहीत सरासरी दराचा प्रश्न असेलच. तोच पहिला घ्या.

असं समजा की एका दिवशी दोन लॉट घेतले. दहा क्विंटल हळद १५,००० रुपयांनी, नव्वद क्विंटल १२,००० रुपयांनी. रिपोर्टमध्ये दराच्या रकान्याला 'ॲव्हरेज' लावलं की उत्तर येतं १३,५००. पण पैसे गेले दीड लाख आणि दहा लाख ऐंशी हजार, मिळून १२,३०,००० आणि माल आला शंभर क्विंटल. म्हणजे खरा दर १२,३००. क्विंटलमागे बाराशेचा फरक! खरेदी बघणारा माणूस १३,५०० डोक्यात धरून विक्रीचा भाव ठरवत असेल, तर समोर आलेलं चांगलं गिऱ्हाईक तो परत पाठवेल. हे तुमच्याच हिशेबपट्ट्यांवरचे आकडे घेऊन पडद्यावर दाखवा आणि खोलीत काय होतं ते बघा. 'गाडी भरायचीय' म्हणणारा थांबेल, कारण दर त्याच्या तोंडी रोजचा आहे.

उपाय दोन ओळींचा आहे. आधी रकमेची बेरीज, मग वजनाची बेरीज, आणि शेवटी भागाकार. पॉवर बीआयमध्ये यासाठी एक मेझर, म्हणजे हिशेबाचं सूत्र, लिहायचं. एक्सेलच्या पिव्होटमध्ये (गोषवाऱ्याच्या तक्त्यात) कॅल्क्युलेटेड फील्ड घेतलं तरी चालतं. ते आधी दोन्ही रकान्यांची बेरीज करतं आणि मग भागतं, त्यामुळे उत्तर बरोबर येतं. यादीतला 'डॅक्स' हा शब्द न उच्चारता तुम्ही डॅक्सचा सगळ्यात उपयोगी भाग शिकवून झालेला असेल.

फळ्यावर विषय लिहिताना 'मेझर आणि ॲग्रिगेशन' असं लिहू नका. 'हळदीचा सरासरी दर दोन रिपोर्टांत वेगळा का येतो?' असं लिहा. ज्याला तो प्रश्न पडलाय तो आपण होऊन येतो, आणि ज्याला पडला नाही त्याने नाही आलं तरी चालतं. सगळ्यांनी सगळं शिकलंच पाहिजे हा आग्रह सोडा, असं मी मालकांनाही सांगत असते.

दुसरा विषय गाडीभाड्याचा. एका बिलात तीन माल आहेत आणि भाडं एकदाच १,२०० रुपये लावलंय. बिलाचा तक्ता आणि मालाच्या ओळींचा तक्ता जोडून एकच लांब तक्ता केला, की ते भाडं तिन्ही ओळींवर उमटतं आणि बेरीज ३,६०० दाखवते. वर्षअखेर भाडेखर्च भलताच फुगलेला दिसतो आणि सगळे ट्रान्सपोर्टवाल्याकडे संशयाने बघायला लागतात. दोन तक्ते वेगळे ठेवून बिल नंबरावर नातं जोडलं आणि भाड्याची बेरीज बिलाच्या तक्त्यातूनच घेतली की प्रश्न मिटतो. हे अकाउंटच्या लोकांना कागदावर, तीन ओळी हाताने लिहून दाखवा. पडद्यावर एकदम दाखवलं तर डोक्यावरून जातं.

तिसरा, तारखांचा. एक्सेलच्या पिव्होटमध्ये तारखांचा तिमाही गट केला की पहिली तिमाही जानेवारी ते मार्च येते, आणि आपली तर एप्रिलला सुरू होते. तारीख तीन महिने मागे नेणारा एक जादा रकाना करून त्यावर गट केला की एप्रिल-जून पहिल्या तिमाहीत येतो. पॉवर बीआयमध्ये वर्षाची चढती बेरीज काढताना वर्षअखेर ३१ मार्च आहे हे सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो ३१ डिसेंबरच धरतो. याच दिवशी आणखी एक गोष्ट घ्या. गोदामातून आलेल्या फाइलमध्ये ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे त्या कॉम्प्युटरच्या विंडोजमधल्या रीजन सेटिंगवर ठरतं. सेटिंग अमेरिकन, म्हणजे आधी महिना मग दिवस असं असेल, तर तेरा तारखेपासून पुढच्या तारखा त्यात बसत नाहीत, म्हणून त्या मजकूर बनून रकान्याच्या डाव्या कडेला चिकटतात. काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या की समजायचं, उजवीकडच्या तारखांतही दिवस-महिन्याची अदलाबदल झालीय. ही खूण गोदामातल्या माणसाला दाखवली की तो तुमच्या आधी चूक पकडायला लागतो.

पार्टीच्या नावांचा घोळ तर प्रत्येक पेढीत असतो. एकच व्यापारी तीन स्पेलिंगांनी तीन ओळींत. नावावर जोडण्याऐवजी जीएसटी नंबरवर जोडा. तो पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. एकाच पार्टीची सांगली आणि बेंगळुरू अशा दोन्हीकडे नोंदणी असेल तर नंबर दोन असतील, पण मधला पॅन तोच. शेतकऱ्यांना मात्र जीएसटी नंबर नसतो. त्यांना आपलाच कोड द्यावा लागतो, आणि तो कोणी द्यायचा, कुठे लिहायचा हे त्याच बैठकीत सगळ्यांसमोर ठरवून टाका.

नकाशे, बुकमार्क, रंगसंगती हे सध्या सोडून द्या. डेटाची सुरक्षा महत्त्वाची आहे, पण ती रिपोर्ट प्रसिद्ध करणाऱ्या एक-दोघांपुरती. त्यांना वेगळं बसवा.

वेळेबद्दल दोन शब्द. मासिक रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) साठी ११ तारीख आणि ३बी (कराचा गोषवारा) साठी २० तारीख असते. त्या दिवसांच्या तोंडावर आलेला शनिवार अकाउंटच्या लोकांना मोकळा द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी हळद यार्डात आली की सौद्यांच्या धामधुमीत पाऊण तास मागूच नका, वीस मिनिटं मागा. आणि पाऊण तासातही तुम्ही बोलायचं पहिली पंधरा मिनिटं. उरलेल्या वेळात प्रत्येकाने आपल्या टेबलावरचा एक आकडा स्वतःच्या हाताने काढायचा. डेटा पेढीचाच घ्या, पण पार्टीची नावं बदलून. मायक्रोसॉफ्टच्या एका नेहमीच्या नमुना फाइलीत परदेशी सायकलींची विक्री असते. तिच्यात आपल्या माणसाला चूक दिसणार कशी? १५,००० आणि १२,००० हे दर त्याच्या ओळखीचे आहेत, म्हणून १३,५०० त्याच्या डोळ्याला खुपतो.

प्रश्न : मी वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या ऑफिसात आहे. आमचे जुने रिपोर्ट क्रिस्टल रिपोर्ट्समध्ये आहेत. आता पॉवर बीआय येणार म्हणतात. माझ्यावर छोटी प्रशिक्षणं ठरवायची जबाबदारी आलीय. जुन्याचं प्रशिक्षण आता बंद करावं का?

उत्तर : ताई, घाई करू नका. क्रिस्टल रिपोर्ट्स जुनं आहे, मालक बदलत बदलत ते बिझनेस ऑब्जेक्ट्सकडून सॅपकडे आलं, पण त्याचं एक काम पक्कं आहे : ठरलेल्या कागदावर, ठरलेल्या जागी, ठरलेला मजकूर छापणं. ऊसबिलाची पट्टी सभासदाच्या हातात कागदावरच जाते. पॉवर बीआयचा नेहमीचा रिपोर्ट पडद्यावर बघायचा, हवा तसा गाळून बघायचा असतो. पट्टीसारख्या छापील कामासाठी त्यात पेजिनेटेड रिपोर्ट हा वेगळा प्रकार आहे आणि तो वेगळ्या साधनात, रिपोर्ट बिल्डरमध्ये बनवावा लागतो.

म्हणून पहिला विषय असा घ्या : 'जुना रिपोर्ट आकडा कुठून आणतो?' एक रिपोर्ट उघडा. त्यातले गट, फॉर्म्युले आणि कुठल्या अटीवर कुठली ओळ लपवलीय हे सगळ्यांनी मिळून वाचा आणि साध्या मराठीत कागदावर उतरवा. वर्षानुवर्षांच्या कपाती, अनामती, वाहतुकीचे नियम त्या फॉर्म्युल्यांत दडलेले असतात. ज्यांनी ते लिहिले ते निवृत्त होण्याआधी हे काम व्हावं असं मला मनापासून वाटतं. असा वाचलेला रिपोर्ट नव्या साधनात कोणीही उभा करू शकेल. न वाचता केलेला मात्र पहिल्याच बिलाला अडकेल.

दुसरा विषय पंधरवड्याचा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि कारखान्याचं सगळं काम पंधरवड्यावर चालतं. पॉवर बीआयला महिना कळतो, तिमाही कळते, पंधरवडा कळत नाही. त्यासाठी कॅलेंडरचा स्वतंत्र तक्ता करून त्यात तीन रकाने घाला : पंधरवडा (१ ते १५ पहिला, बाकी दुसरा), एप्रिल-मार्चचं आर्थिक वर्ष आणि ऑक्टोबर-सप्टेंबरचा साखर हंगाम. हा एक तक्ता नीट झाला की अर्धे वाद संपतात, कारण चेअरमन हंगामाचं बोलत असतात आणि ऑडिटर आर्थिक वर्षाचं.

साखर उताऱ्यासाठी वरच्या पत्रातलं हळदीचं उदाहरण वाचा. रोजच्या उताऱ्यांची सरासरी काढू नका. एकूण साखर भागिले एकूण गाळप, तोच खरा उतारा. कमी गाळपाचा दिवस आणि पूर्ण क्षमतेचा दिवस सारखे धरले की टक्केवारी सरकते आणि एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, तर उताऱ्यावरच ठरते.

प्रश्न : मिरजेत मी छोट्या दुकानदारांसाठी रविवारी मोफत वर्ग घेतो. पॉवर बीआय शिकवू का?

उत्तर : दुकानात एकच विक्रीची फाइल असेल तर पिव्होट आणि पॉवर क्वेरी (डेटा साफ करून जोडणारं साधन) शिकवा. पॉवर क्वेरी एक्सेल २०१६ पासून आतच आहे, वेगळं काही घ्यावं लागत नाही. 'कोणता माल तीन महिने हललाच नाही' आणि 'कोणाची उधारी साठ दिवसांच्या वर गेली', या दोन प्रश्नांवर चार रविवार सहज जातील आणि दुकानदार पुढच्या रविवारी दुसऱ्याला घेऊन येईल.

दोन-तीन शाखा असलेला कोणी मागे लागला तर पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट उतरवता येतं, पण ते विंडोजवरच चालतं. ऑनलाइन खातं उघडायला जीमेल चालत नाही, कामाचा किंवा संस्थेचा ईमेल लागतो, आणि दुसऱ्याला रिपोर्ट नेहमीच्या पद्धतीने शेअर करायला पैसे भरून लायसन्स घ्यावं लागतं. हे वर्गाच्या आदल्या दिवशीच सगळ्यांना कळवा, नाहीतर पहिला सगळा तास पासवर्डातच जाईल.