शीटला लावा कामाला : वाचकांचे प्रश्न

इंटरनेटवरचं कोणतं काम रोज रोज तेच ते करून कंटाळलात ते कळवा असं विचारलं होतं, तर भरपूर प्रश्न आले. बहुतेक सगळे दोनच गोष्टींबद्दल आहेत, गूगल शीट्स आणि वर्डप्रेसचे (ब्लॉग-वेबसाइट चालवायची व्यवस्था) प्लगिन म्हणजे त्याला जोडायची छोटी अवजारं, म्हणून या वेळी तेवढेच घेतलेत. एक आधीच सांगते, फॉर्म्युले इथे जसेच्या तसे छापत नाहीये, कारण छपाईत अवतरणचिन्हं वळणदार होतात आणि तशी चिन्हं शीटमध्ये गेली की फॉर्म्युला चालतच नाही आणि मग शिव्या मला. फंक्शनचं (शीटच्या तयार आदेशाचं) नाव सांगते, सेलमध्ये बरोबरचं चिन्ह देऊन ते इंग्रजीत टाइप करायला लागलात की शीट स्वतःच खाली मदतीची चौकट उघडते.

प्रश्न : ताई, मी आमच्या ८४ फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी. ज्यांचा मेंटेनन्स राहिलाय त्यांना दर महिन्याला व्हॉट्सॲपवर एकेकाला मेसेज टाइप करून पाठवतो, नाव वेगळं, रक्कम वेगळी. ग्रुपवर टाकलं की लोक भडकतात, चारचौघांत आमची अब्रू काढली म्हणतात. भाचा म्हणतो क्रोम ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेन्शन आहे, सगळ्यांना एका फटक्यात जातात. टाकू का?
— सेक्रेटरीकाका, डोंबिवली

उत्तर : नको काका. व्हॉट्सॲपच्या नियमांत असे घाऊक मेसेज बसत नाहीत, नंबर बंद होऊ शकतो, आणि ते एक्स्टेन्शन तुमच्या ब्राउझरमधल्या सगळ्या चॅट वाचू शकतं ते वेगळंच. अधिकृत रस्ता आहे, व्हॉट्सॲपचा बिझनेसवाला, पण तो पैसे देऊन, मेसेजचा नमुना आधी मंजूर करून घेऊन, ८४ फ्लॅटसाठी कोण एवढं करणार.

त्यापेक्षा शीटमध्ये असं करा. ए कॉलममध्ये फ्लॅट, बी मध्ये नाव, सी मध्ये मोबाईल, डी मध्ये बाकी. ई कॉलममध्ये मेसेज जोडायचा, म्हणजे "नमस्कार", मग बी मधलं नाव, मग "आपले", मग डी मधली रक्कम, मग "रुपये बाकी आहेत", आणि प्रत्येक तुकड्याच्या मध्ये ॲण्डचं चिन्ह. एफ कॉलममध्ये हायपरलिंक फंक्शन, त्यात व्हॉट्सॲपची छोटी लिंक म्हणजे डब्ल्यूए डॉट एमई, स्लॅश, ९१ आणि लगेच पुढे मोबाईल नंबर, मग प्रश्नचिन्ह, टेक्स्ट हा शब्द इंग्रजीत, बरोबरचं चिन्ह, आणि त्यापुढे ई मधला मेसेज, पण तो सरळ नाही, एनकोडयूआरएल या फंक्शनमध्ये गुंडाळून. हे गुंडाळणं विसरू नका, नाहीतर मेसेजमध्ये कुठे ॲण्ड किंवा हॅशचं चिन्ह आलं की तिथून पुढचा मजकूर गायब होतो आणि लोकांना अर्धाच मेसेज दिसतो. सगळ्याच्या बाहेरून इफ लावा, डी शून्यापेक्षा जास्त असेल तरच लिंक दिसू दे, नाहीतर सेल रिकामा.

आता लिंकवर टिचकी मारली की त्या माणसाची चॅट मेसेजसकट उघडते, तुम्ही फक्त पाठवाचं बटण दाबायचं. हो, बटण प्रत्येक वेळी तुम्हालाच दाबायचंय, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे, कारण ३०४ वाल्यांनी कालच लिफ्टमध्ये चेक दिलेला असतो आणि शीटला ते माहीत नसतं. नंबर भरताना सी कॉलम आधी प्लेन टेक्स्ट करा, पुढे शून्य, प्लस, मध्ये स्पेस असलं काही नको, नुसते दहा आकडे.

प्रश्न : कांद्याचे भाव रोज वेबसाइटवर बघून वहीत लिहितो, वडिलांपासूनची सवय. कुणीतरी सांगितलं इम्पोर्टएचटीएमएल नावाच्या फंक्शनने बाजारभावाचा तक्ता आपोआप शीटमध्ये येतो. केलं तर कधी एरर, कधी नुसतीच कॉलमची नावं. आणि समजा आलं तरी दुसऱ्या दिवशी कालचे भाव पुसले जातात, मग उपयोग काय?
— कांदा उत्पादक, निफाड

उत्तर : तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळी दुखणी आहेत दादा, एकेक घेऊ.

इम्पोर्टएचटीएमएल पानाच्या मूळ कोडमध्ये जो तक्ता लिहिलेला असतो तेवढाच उचलतं. बाजारभावाच्या बऱ्याच पानांवर आधी शेतमाल निवडा, तारीख निवडा, मग तक्ता येतो, म्हणजे आकडे नंतर जावास्क्रिप्टने, पानातल्या छोट्या प्रोग्रॅमने, भरले जातात, आणि शीट जेव्हा ते पान मागते तेव्हा तिथे नुसता सांगाडा असतो, म्हणून तुम्हाला नावं मिळतात आणि भाव नाही. तपासायचं असेल तर कॉम्प्युटरवर ते पान उघडून कंट्रोल आणि यू दाबा, जो कोड दिसेल त्यात आजचा एखादा भाव शोधा. तिथे नसेल तर फंक्शनशी झटापट करण्यात अर्थ नाही. एररचं अजून एक कारण असू शकतं, पान तुमच्या घरातून नाही तर गूगलच्या सर्व्हरवरून मागवलं जातं आणि काही सरकारी साइट्स देशाबाहेरून आलेली मागणी दारातूनच परत पाठवतात.

सरळ रस्ता म्हणजे केंद्र सरकारचं डेटा डॉट जीओव्ही डॉट इन. ॲगमार्कनेट या सरकारी बाजारभाव साइटचे रोजचे बाजार समित्यांचे भाव तिथे एपीआयने, म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून थेट माहिती मागायच्या सोयीने, मिळतात, फुकट खातं उघडून स्वतःची की, म्हणजे पासवर्डसारखा कोड, घ्यायची. नमुन्याची की दिलेली असते पण तिच्यावर मोजक्याच ओळी येतात आणि लोक म्हणतात लासलगावच दिसत नाही! लासलगाव शोधताना लक्ष ठेवा, मुख्य बाजार, निफाड आणि विंचूर अशा वेगळ्या नोंदी असतात, सरसकट सरासरी काढलीत तर भलताच आकडा यायचा. प्रत्येक ओळीत किमान, कमाल आणि मोडल म्हणजे आपण ज्याला सर्वसाधारण दर म्हणतो तो, क्विंटलला. वहीत तुम्ही यातला कोणता लिहीत होतात ते आधी ठरवा, नाहीतर जुनी वही आणि नवी शीट जुळणार नाही. कमाल दर हा एखाद्या निवडक ट्रॉलीचा असतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता पुसलं जाण्याचं. इम्पोर्टची फंक्शनं म्हणजे खिडकी, पलीकडे जे आज आहे तेच दिसणार, साठवण त्यात नाही. साठवायला ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीटसाठी छोटा प्रोग्रॅम लिहायची सोय, लागते, शीटच्या एक्स्टेन्शन्स मेनूत आहे. दहा-पंधरा ओळींची स्क्रिप्ट, एपीआयकडून भाव मागायचे आणि दुसऱ्या टॅबमध्ये खाली नवी ओळ जोडायची. कोड येत नसेल तर घरातल्या कॉलेजवाल्याला बसवा, किंवा एआयकडून लिहून घ्या, पण मागताना दोन गोष्टी ठासून सांगा. एक, भाव स्क्रिप्टनेच यूआरएलफेच (स्क्रिप्टमधून वेबवरची माहिती मागवायचा आदेश) वापरून आणायचे, शीटमधल्या इम्पोर्ट फंक्शनवर भरवसा नको, कारण ती दर तासाला ताजी होतात ती शीट उघडी असताना. दोन, ओळ जोडण्याआधी भावाची तारीख तपासायची, ती आधीच टॅबमध्ये असेल तर गप्प बसायचं, नाहीतर लिलाव बंद असलेल्या दिवशी कालचेच भाव परत चिकटतील आणि महिन्याची सरासरी बिघडेल.

मग स्क्रिप्टमध्ये डावीकडे घड्याळाचं चिन्ह आहे, तिथे ट्रिगर, म्हणजे स्क्रिप्ट आपोआप सुरू करणारा गजर, लावा, रोज, रात्री ९ ते १०. अगदी नऊच्या ठोक्याला नाही चालणार, त्या तासाभरात केव्हातरी चालतो. सकाळचा लावू नका, लिलाव आटोपून आकडे वर चढायला वेळ लागतो. त्याच चौकटीत बिघाड झाला तर मेल कधी पाठवायची ते विचारतात, तिथे "लगेच" निवडा. हे लोक सोडून देतात आणि मग तीन महिन्यांनी कळतं की दिवाळीपासून एकही ओळ आलेली नाही.

तारखेचा घोळ राहिला. एपीआय दिवस-महिना-वर्ष अशी तारीख देतं, आणि शीट अमेरिकन सेटिंगवर असेल तर ५ जून चं ६ मे होतं, १३ तारखेपासून पुढच्या तारखा मात्र नुसता मजकूर म्हणून पडून राहतात, आणि आलेख काढला की वेडावाकडा. फाइल, मग सेटिंग्ज, तिथे लोकेल (देश) भारत आणि टाइम झोन कोलकाता. हे पहिली ओळ पडायच्या आधी करा.

प्रश्न : शेअरचे भाव शीटमध्ये आपोआप येतात का? रोज ॲप उघडून बघायचा कंटाळा येतो.
— निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

उत्तर : येतात. गूगलफायनान्स फंक्शन, कंसात, अवतरणचिन्हांत, आधी एनएसई, मग कोलन, मग शेअरचं बाजारातलं छोटं इंग्रजी नाव. भाव २० मिनिटांपर्यंत शिळा असू शकतो, तेव्हा संध्याकाळी पोर्टफोलिओ बघायला उत्तम, त्यावर बघून खरेदी-विक्री करायला अजिबात नाही. आणि ॲप न उघडल्याने तब्येतही बरी राहील काका.

प्रश्न : माझा पाककृतींचा ब्लॉग आहे, वर्डप्रेसचा, होस्टिंग विकत घेतलेलं. पोस्ट रात्री लिहून सकाळी ६ ला लावून ठेवते, पण ती कधी आठला येते, कधी दहाला, एकदा तर दुपारी जेवणं झाल्यावर नाश्त्याची रेसिपी! एकीने सांगितलं वेळेवर पोस्ट करणारं प्लगिन टाक. कोणतं टाकू?
— सांगलीची सुगरण

उत्तर : थांबा, आधी प्लगिन नको. पोस्ट रोज बरोबर साडेअकरालाच येत असती तर म्हटलं असतं सेटिंग्जमध्ये जनरलमधला टाइम झोन यूटीसीवर राहिलाय, साडेपाच तासांचा फरक तोच. तो एकदा बघून घ्याच, कोलकाता हवा. पण तुमची वेळ रोज वेगळी म्हणजे कारण दुसरं आहे.

वर्डप्रेसमध्ये खरं घड्याळच नाही. त्याचं डब्ल्यूपी-क्रॉन म्हणजे गेट वाजवल्याशिवाय न उठणारा वॉचमन, कुणीतरी साइटवर आलं की तो जागा होऊन बघतो काही काम राहिलंय का. सकाळी ६ ला तुमच्या ब्लॉगवर कुणी फिरकलं नाही की पोस्ट पडून राहते, पहिला पाहुणा आठला आला की आठला. त्यात कॅशिंगचं, म्हणजे पानं आधीच साठवून ठेवणारं, प्लगिन असेल तर अजून मजा, पाहुण्याला साठवलेलं पान परस्पर मिळतं आणि वर्डप्रेसला पत्ताच नाही.

तुमच्या होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये, म्हणजे साइट सांभाळायच्या पानावर, क्रॉन जॉब्स (ठरल्या वेळी करायची कामं) असं एक चिन्ह असतं. तिथे दर १५ मिनिटांनी तुमच्या साइटची डब्ल्यूपी-क्रॉन डॉट पीएचपी या फाइलला हाक मारली जाईल असं लावायचं. आदेशाची ओळ प्रत्येक होस्टिंगची थोडी वेगळी, सपोर्टला चॅटवर विचारा, देतात. ते चालू झालंय हे एखाद्या पोस्टवर बघा आणि मगच डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये आतला क्रॉन बंद करायची ओळ टाका. उलट क्रमाने करू नका, आधी आतला बंद केला आणि बाहेरचा लागलाच नाही तर सगळंच ठप्प. आणि सगळं म्हणजे नुसत्या पोस्ट नाही, अपड्राफ्टप्लससारखं बॅकअपचं प्लगिन आणि आपोआप होणारे अपडेटसुद्धा याच यंत्रणेवर चालतात. तेव्हा हे जमलं की बॅकअप शेवटचा कधी झालाय तेही उघडून बघा, आणि तो गूगल ड्राइव्हवर जातोय ना ते, कारण त्याच होस्टिंगवर ठेवलेला बॅकअप होस्टिंगबरोबरच बुडतो.

प्रश्न : इतर साइट्सच्या बातम्या फीडमधून (साइट स्वतःच्या ताज्या मथळ्यांची जी यादी देते तिच्यातून) आपोआप माझ्या ब्लॉगवर पोस्ट करणारी प्लगिन असतात असं ऐकलं. दिवसाला पन्नास पोस्ट होतील. चांगलं कोणतं?
— होतकरू ब्लॉगर, नांदेड

उत्तर : असतात, सांगणार नाही. दुसऱ्याने लिहिलेलं अख्खं उचलणं म्हणजे चोरी, मग ती प्लगिनने केली काय आणि हाताने केली काय, शिवाय असल्या साइट्सना गूगल सर्चमध्येही खालीच ढकलतं. तुम्हाला स्वतःला बातम्या एका जागी वाचायच्या असतील तर शीटमध्ये इम्पोर्टफीड वापरा, एका फीडचे ताजे मथळे लिंकसकट येतात. त्यातून रोज एक निवडा आणि तिच्याबद्दल चार ओळी स्वतःच्या लिहा. पन्नास होणार नाहीत.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी गूगल फॉर्म केला, पालकांना पोच देणारी मेल जावी म्हणून सहकाऱ्याने शीटला स्क्रिप्ट लावून दिली. २४० नोंदी झाल्या. काही पालकांना मेल दोनदा गेली, काहींना गेलीच नाही, फोन घेऊन घेऊन जीव मेटाकुटीला आलाय.
— शिक्षिका, चिपळूण

उत्तर : न गेल्याचं कारण बहुधा मर्यादा. साध्या जीमेल खात्यावरून ॲप्स स्क्रिप्ट दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवू शकते, शाळेचं पैसे भरून घेतलेलं वर्कस्पेस खातं (गूगलचं संस्थांसाठीचं) असेल तर १५००. एकाच दिवशी दीडशे फॉर्म आले तर शेवटचे पन्नास कोरडे. स्क्रिप्टमधल्या एक्झिक्युशन्स (स्क्रिप्ट कधी कधी चाललीय) या यादीत त्या दिवसाच्या लाल ओळी दिसतील, खात्री करून घ्या.

दोनदा जाण्याची दोन कारणं असतात. ट्रिगरच्या यादीत एकच ट्रिगर दोनदा लागलेला असतो, चाचणी घेताना एकदा आणि नंतर परत एकदा, त्यातला एक उडवा. किंवा राहिलेल्यांना पाठवायला म्हणून सहकाऱ्याने स्क्रिप्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून चालवली. त्याला सांगा शेवटी एक "पाठवली" नावाचा कॉलम कर, मेल गेली की त्या ओळीत लगेच तारीख पडली पाहिजे आणि तारीख असलेली ओळ स्क्रिप्टने सोडून द्यायची. मग उरलेल्यांना उद्या शंभर, परवा बाकीचे, कितीही वेळा चालवा, कुणाला दुसऱ्यांदा जात नाही. ज्या पालकांना गेलीच नाही त्यांची यादी त्याच कॉलमवर फिल्टर लावून निघेल, त्यांना तोवर वर्गशिक्षकांकडून निरोप द्या.

आणि मॅडम, तुम्ही प्रश्नासोबत जी लिंक पाठवलीत ती कुणालाही उघडता येतेय. मुलांची नावं, इयत्ता, पालकांचे मोबाईल, सगळं. शेअरच्या बटणात जाऊन ती आजच रिस्ट्रिक्टेड, म्हणजे ठरावीक लोकांपुरती, करा, पोच-मेल त्याने थांबत नाही, स्क्रिप्ट सहकाऱ्याच्या खात्यातून चालते, तेवढं त्याचं नाव एडिटर म्हणून राहू द्या.