कोकणच्या दमट हवेत आंब्याला पुठ्ठ्याचा खोका चालतो का?

रत्नागिरीहून मुंबईला पाठवलेल्या हापूसचे खालचे खोके दबतात, तेव्हा लाकडी पेटीकडे परत जावे की कागदात काही नवे आले आहे, असे आपण विचारले आहे. देवगडला आमची बाग आहे. माझ्या मते परत जाण्याची गरज नाही.

खोका दबतो तो बहुधा हवेतल्या ओलाव्यामुळे. कागदातले सेल्युलोजचे तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात आणि ओलावा शिरला की हे बंध सैल पडतात. आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास गेली, तर खोक्याची भार पेलण्याची ताकद निम्म्यावर येऊ शकते. रद्दीचा पुन्हा लगदा करताना तंतू दर खेपेला आखूड होतात, म्हणून निदान बाहेरचा पदर तरी कोऱ्या (म्हणजे रद्दीच्या नव्हे, ताज्या लगद्याच्या) क्राफ्ट कागदाचा आहे का, हे विचारून घ्यावे. (क्राफ्ट या जर्मन शब्दाचा अर्थच ताकद असा आहे.)

ओलेपणीही तंतूंची पकड टिकवणारी राळ लगद्यात मिसळता येते. टी-बॅगचा कागद उकळत्या पाण्यात फाटत नाही, तो अशाच राळेमुळे. मेणाचा लेप पाणी अडवतो, पण त्या पुठ्ठ्याचा पुन्हा लगदा करणे अवघड जाते. तंतू नॅनोमीटरइतके बारीक सुटे करून केलेल्या नॅनोसेल्युलोजची सध्या बरीच चर्चा आहे. त्याने कागद बळकट होतो आणि कोरड्या हवेत प्राणवायूही अडतो. परंतु आंबा तोडल्यावरही श्वास घेत असतो, उष्णता आणि वाफ सोडत असतो, त्यामुळे त्याच्या खोक्याला हवा अडवणारी भिंत नको, भोकेच हवीत.

मला खरी मोलाची वाटते ती लगद्याच्या ट्रेची सोय. रद्दीचा किंवा उसाच्या चिपाडाचा पातळ लगदा जाळीच्या साच्यावर ओढून वाळवला की प्रत्येक फळाला स्वतंत्र खळगा मिळतो आणि पेंढा नसला तरी फळ फळावर घासत नाही. वरच्या खोक्याचा भार मात्र ट्रेने नव्हे, खोक्याच्या भिंतींनी पेलायचा असतो, म्हणून फळ काठाच्या वर येऊ देऊ नये.

एका एप्रिलमध्ये आमचे खालचे दोन थर पूर्ण बसले, कारण गाडीत खोके विटांसारखे सांधे मोडून रचले होते. खोक्याचा बहुतेक भार चार कोपरे घेतात, त्यामुळे कोपऱ्यावर कोपरा येईल अशी सरळ थप्पी लावावी. रिकामे खोकेही जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावेत आणि भरायच्या दिवशीच उघडावेत.