पोथी सातशे वर्षांची नाही, पण लॅमिनेशन करू नका

प्रश्न : नमस्कार ताई, अंबाजोगाईजवळच्या गावातला आमचा जुना वाडा पाडायलोत, तर देवळीत लाल फडक्यात बांधलेलं गाठोडं सापडलं. पणजोबा वैद्य होते, त्यांचे औषधाचे कागद आहेत, सगळे मोडीत. गावातल्या गुरुजींनी एका कागदावर ‘सन १३२०’ वाचलं. म्हणजे हेमाद्रीपंताच्या आसपासचं झालं की! भाऊ म्हणायलाय लॅमिनेशन करून टाकू. करावं का?

उत्तर : भावाला आधी थांबवा. लॅमिनेशनचं प्लास्टिक एकदा चिकटलं की कागद खराब न करता परत निघत नाही, सेलोटेपचंही तेच.

आता १३२० चं. हेमाद्रीपंतांनी देवगिरीला वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली हे खरंय, पण ती संस्कृतात, तेराव्या शतकातली. तुमचा सन बहुतेक फसली (शेतसाऱ्याच्या हिशेबाचा सन) असणार, कारण आपला भाग १९४८ पर्यंत निजामाकडं होता आणि कागदोपत्री फसलीच चालायची. त्यात ५९० मिळवा, १९१० येतं. पणजोबांच्या काळाशी जुळतंय ना? (शक असता तर ७८ मिळवायचे, म्हणजे १३९८, आणि पणजोबा तेव्हाचे नसणार!) हिरमुसू नका, शंभर वर्षं झालीच की.

कागद हातबनावटीचा असेल तर नशीब चांगलंय, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात असाच बनायचा. चिंध्यांपासून केलेला असा कागद टिकतो, नंतरचा गिरणीतला लाकडाच्या लगद्याचा कागद मात्र पिवळा पडून हातात तुटतो. मऊ ब्रशनं धूळ झटका, ओलं फडकं लावू नका, उन्हात तर बिलकुल वाळवू नका, पानांचा क्रम हलू देऊ नका, मग स्वच्छ सुती कापडात गुंडाळून जवळ वेखंडाची पुरचुंडी ठेवा, किड्यांसाठी आपल्याकडं हेच करतात. फ्लॅश बंद ठेवून मोबाईलवर एकेक पानाचे फोटो काढा आणि मग संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात विचारा.

वाचताना तोळा, मासा, गुंज येईल. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे साधारण साडेअकरा ग्रॅम. पारा, बचनाग असं विषारी काही दिसलं तर नुस्तं वाचायचं, घरी खलबत्ता काढायचा नाही! आणि पानांच्या मागं कुणाची उधारी, कुणाला काय दिलं असं खरडलेलं असेल तर त्याचेही फोटो घ्या, मला तर नुसख्यांपेक्षा तेच वाचायला जास्त आवडेल.