पात्र मरतं तेव्हा: नव्या डीएमसाठी (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा)

डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं वठवत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत हिट पॉइंट (पात्राची जीवनशक्ती) शून्यावर आले म्हणजे पात्र मेलं असं नाही. त्याची पाळी आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. १० किंवा जास्त पडले तर यश, नाहीतर अपयश. तीन यशं मिळाली की पात्र स्थिर, म्हणजे मरण टळलं; तीन अपयशं झाली की खेळ खलास. १ पडला तर दोन अपयशं धरायची, २० पडला तर पात्र १ हिट पॉइंट घेऊन उठतं.

नवे डीएम हमखास विसरतात ते पुढचं: पडलेल्याला इजा झाली की तेही एक अपयश, आणि ५ फुटांच्या आतून वार लागला तर दोन! म्हणून राक्षस पडलेल्यावर वार करणार का, हे पहिल्या सत्राआधीच सगळ्यांशी बोलून ठरवा. रुसवेफुगवे फाशावरून क्वचितच होतात, "मला मुद्दाम मारलं" यावरूनच जास्त.

मेलेल्या पात्राला जिवंत करणारा रिव्हिव्हिफाय मंत्र मृत्यूनंतर एका मिनिटात टाकावा लागतो आणि ३०० सुवर्णनाण्यांचा हिरा खातो. हा हिरा लुटीत आधीच पेरा. पहिल्या लेव्हलला हा मंत्र कुणाकडेच नसतो, तेव्हा प्रत्येकाला एक राखीव पात्र बनवून ठेवायला सांगा.

वाद पेटला तर पुस्तक चाळत बसू नका. तात्पुरता निर्णय द्या, नियम सत्रानंतर बघा. "माझं पात्र असंच वागतं" म्हणत सोबत्यांचे खिसे कापणाऱ्याशी मात्र बाजूला घेऊन बोला. पात्राला शिक्षा देऊन माणूस सुधारत नाही, चिडतो.