पट्टी मधोमध वाकते आणि ब्लॉक पाव इंच कमी भरतो, त्याविषयी

तुमच्या दोन तक्रारी आहेत. रोटरी कटरने, म्हणजे गोल फिरत्या पात्याच्या कटरने, कापलेली अडीच इंची पट्टी उलगडली की मधोमध कोपरासारखी वाकलेली दिसते, आणि त्याच पट्ट्यांतून केलेला गोधडीचा नाइन-पॅच ब्लॉक (तीन-तीन चौकोनांच्या तीन ओळी जोडलेला तुकडा) साडेसहाऐवजी सव्वासहा इंच भरतो. दोन्हींचा दोष तुम्ही कटरला दिला आहे. माझ्या मते पहिली चूक घडीची आहे आणि दुसरी बहुधा शिलाईची.

दुकानातून आलेल्या कापडाची कापलेली टोके क्वचितच धाग्यात असतात, आणि आपण नेमकी तीच टोके जुळवून घडी घालतो. त्यामुळे कापडाला पीळ पडतो, घडीची कड उभ्या धाग्याला धरून राहत नाही, आणि अशा घडीवरून कापलेली पट्टी उलगडल्यावर वाकलेलीच निघते. कापड धुऊन, हलकी खळ देऊन, इस्त्री करून घ्यावे. मग दोन्ही काठ एकावर एक धरून ते समोर लोंबते ठेवावे आणि घडीवरच्या सुरकुत्या नाहीशा होईपर्यंत एक काठ डावी-उजवीकडे सरकवत राहावे. या खटाटोपात कापलेली टोके इंचभर पुढेमागे झाली तरी होऊ द्यावीत, कारण तो भाग पहिल्याच कापात निघून जातो. साधारण 44 इंच पन्ह्याचे कापड एकदा दुमडले की 22 इंच होते, आणि 24 इंची मोजपट्टी त्याला पुरते. आखूड मोजपट्टीसाठी आणखी एक घडी घातलीत, तर एका बाकाऐवजी तीन बाक येण्याची शक्यता असते.

पहिला काप घेताना चौकोनी मोजपट्टीची कड घडीला टेकवावी, लांब मोजपट्टी तिला चिकटवून उभी ठेवावी, मग चौकोनी काढून घेऊन कापावे. दर तीन-चार पट्ट्यांनंतर हा काटकोन पुन्हा तपासावा, कारण तो प्रत्येक कापाला केसभर ढळत असतो. माप कापडाखाली ठेवायच्या मॅटवरच्या रेघांनी न घेता मोजपट्टीनेच घ्यावे, आणि एका गोधडीसाठी एकच मोजपट्टी वापरावी, कारण रेघेलाही जाडी असते. कापडाची कड रेघेखाली पूर्ण झाकायची की रेघेला नुसती टेकवायची हे एकदा ठरवावे आणि शेवटपर्यंत तेच पाळावे.

1979 मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने आणलेल्या या कटरची खुबी अशी की कात्रीचे खालचे पाते कापड उचलते, हे गोल पाते मात्र ते जागेवरच दाबून कापते. हा फायदा मोजपट्टी घसरली की संपतो. डावा हात कोळ्यासारखा पसरून ठेवावा, करंगळी पात्यापासून लांबच्या बाजूला मोजपट्टीबाहेर कापडावर टेकवावी, आणि पाते अंगापासून दूर ढकलत न्यावे. पाते हाताच्या जरा पुढे गेले की ते तिथेच थांबवून, न उचलता, बोटे एकेक करत वर न्यावीत. चार थरांहून अधिक कापड मी एका वेळी घेत नाही. 45 मिलिमीटरच्या पात्याचा घेर सुमारे साडेपाच इंच असतो. त्यामुळे दर साडेपाच इंचांवर दोन-चार धागे न कापता राहत असतील, तर जोर वाढवून उपयोग नाही, पात्याला दाता पडला आहे. माझे एक नवे कोरे पाते पहिल्याच दिवशी टाचणीवरून गेले होते! मॅटचेही एक सांगते: ती उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. माझी पहिली मॅट तिथेच पापडासारखी वाकली.

आता ब्लॉक. अडीच इंचांचे तीन चौकोन, प्रत्येक बाजूला पाव इंच माया (शिलाईपासून कडेपर्यंतचे कापड), म्हणजे तयार ओळ साडेसहा इंच भरायला हवी. प्रत्येक चौकोन अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, लहान कापला गेला तर ओळ दीड सूत कमी भरते. पण माया अर्धा सूत जास्त धरली गेली, तर दोन शिलायांत मिळून चार कडा असल्यामुळे दोन सूत कमी भरते, आणि दोन सूत म्हणजे बरोबर पाव इंच, तुमची तूट नेमकी तेवढीच आहे. त्यामुळे मला मशिनच्या पायाचा, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या भागाचा, संशय येतो. धागा आणि मायेची दुमड थोडी जागा खातात, म्हणून पायाची कड पाव इंचावर दिसली तरी शिलाई किंचित, धाग्याच्या जाडीइतकी, कापडाच्या कडेकडे घ्यावी लागते.

नवीन पाते विकत घेण्याआधी तीन चौकोन कापा आणि शिवण्यापूर्वी मोजा. ते अडीच इंचच असतील, तर जोडून, इस्त्री करून मधला चौकोन सुलट बाजूने मोजा. तो दोन इंचांहून कमी भरला तर कटर बाजूला ठेवा आणि शिलाईची सुई एक घर मायेच्या बाजूला सरकवून पाहा.