वाचकांचे प्रश्न : ‘उशिरा चालेल’ म्हणून थांबू नका

प्रश्न : माझ्या भावाचा मुलगा वीस महिन्यांचा आहे. चोपडा तालुक्यातील गावी तो आईवडील आणि आजीसह राहतो. जन्मल्यावर तो लगेच रडला नव्हता. अजून आधाराशिवाय बसत नाही, उचलले की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. डॉक्टरांनी ‘सेरेब्रल पाल्सी’ असे सांगितले. पुढे काय करायचे ते कळले नाही. माझी आई म्हणते, आपल्या घरात पोऱ्या उशिराच चालतो. शेजारीपाजारी ग्रहणाचा दोष काढतात आणि वहिनी हल्ली कुणाशी बोलत नाही. माहिती आणि आधार कुठे मिळेल? — एक आत्या

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, म्हणून सुरुवात वहिनींपासून करते. गर्भात, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात मेंदूच्या वाढीत बाधा आल्याने किंवा मेंदूला इजा झाल्याने सेरेब्रल पाल्सी, म्हणजे हालचालींवर आणि शरीराच्या तोलावर नीट ताबा न राहण्याची स्थिती, उद्भवते. अपुऱ्या दिवसांचा जन्म, तीव्र कावीळ, जंतुसंसर्ग, प्राणवायूची कमतरता अशी तिची कारणे असू शकतात आणि पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. ग्रहणाचा या स्थितीशी काहीही संबंध नाही आणि यात वहिनींचा दोषही नाही. हे घरातल्या कर्त्या माणसाने वहिनींच्या देखत, आजीबाईंसमोर स्पष्ट सांगावे.

मेंदूतली इजा वाढत नसली, तरी उपचार न मिळाल्यास स्नायू आखडत जातात, म्हणून ‘वाट पाहू’ हा सल्ला येथे घातक ठरतो. गावच्या अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना आजच भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येते आणि गरज असलेल्या बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांची तपासणी आणि उपचार जिथे होतात तिथे, पाठवते. मात्र पथकाच्या फेरीची वाट न पाहता जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बालरोग विभागात दाखवलेले अधिक चांगले. तेथे फिजिओथेरपीसोबत डोळे, कान, गिळणे आणि खुब्याचे सांधे यांचीही तपासणी करण्यास सांगा, कारण या मुलांमध्ये या तक्रारी अनेकदा चालण्याच्या चिंतेपुढे मागे पडतात.

खरा उपचार मात्र घरीच, रोज होतो. मुलाला दोन्ही पाय फाकवून कडेवर घ्या, आपल्या बाया शेतावर जाताना घेतात तसेच. त्यामुळे पायांची कात्री सुटते. आडवे झोपवून वरणभात भरवू नका. पाठीशी गोधडीची गुंडाळी देऊन त्याला ताठ बसवा, मान किंचित पुढे ठेवा आणि लहान चमचा खालच्या ओठाशी धरून तो स्वतः घेईपर्यंत थांबा. जेवायला अर्धा तास लागला तरी लागू द्या. घास श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला संसर्ग होण्याचा धोका असतो.

मुलाशी बोलत राहा. बोलता न येणाऱ्या मुलाला समजत नाही, असे गृहीत धरून घरोघरी फार नुकसान झाले आहे.

कागदपत्रांचेही लांबणीवर टाकू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे, त्यामुळे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि त्यासोबतचे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र) यांसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. ते हाती आल्यावर राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विमा योजनेत नोंदणी करा. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून थेरपीच्या खर्चाचाही समावेश आहे. गावची ग्रामपंचायत दिव्यांगांसाठी राखून ठेवत असलेल्या पाच टक्के निधीबद्दल सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना विचारायला संकोच करू नका; ही मेहेरबानी नव्हे.

महिन्याभरात चालवून दाखवतो म्हणणाऱ्या मालीशवाल्यांपासून आणि मूळ पेशींच्या (स्टेम सेल) महागड्या इंजेक्शनांपासून दूर राहा. कर्ज काढून तेथे गेलेली घरे मी पाहिली आहेत. आधार मात्र थेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकावर मिळतो. शेजारी बसलेल्या आईला वहिनींनी विचारावे, ‘तुमचा किती वर्षांचा?’ आणि फोन नंबर घ्यावा, कारण अशा मुलांचे खास बूट कुठे शिवून मिळतात, घरी शिकवायला येणारे विशेष शिक्षक कुणाला विचारून मिळतात, ही माहिती आयांकडे तयार असते.

जळगावला जाताना प्रसूतीच्या वेळची सगळी कागदपत्रे आणि मुलाच्या हालचालींचा मोबाइलवर काढलेला लहानसा व्हिडिओ सोबत घ्या. वहिनींबरोबर भावालाही नक्की न्या. डॉक्टर काय म्हणाले, ते दोघांनी एकत्र ऐकलेले बरे.